मोठी संख्या समोर आली की सुरुवात कुठून करायची? सदाशिव पेठेच्या पिनकोडपासून

एखाद्या मोठ्या संख्येचे गुणधर्म काढा म्हटलं की नवखा माणूस गोंधळतो. सम की विषम हे सांगून होतं, फार तर तिनं भाग जातो का ते पाहून होतं, आणि पुढे काय विचारायचं तेच सुचत नाही. संगणकाला विचारलं तर तो गुणधर्मांची लांबलचक यादी देतो, पण कोणती गोष्ट कशातून निघाली हे त्या यादीवरून कळत नाही. माझं सांगणं असं की संख्येला मुख्य प्रश्न एकच विचारायचा: तुझे मूळ अवयव कोणते? त्याचं उत्तर मिळालं की बाकीचे बहुतेक गुणधर्म दोन-चार ओळींत निघतात. म्हणून या लेखातली बरीचशी जागा मी त्या एका प्रश्नाला दिली आहे.

सामान फारसं लागत नाही. चौकटींची वही, पेन्सिल आणि दुकानात असतो तसा बारा अंकी साधा कॅल्क्युलेटर पुरे. वही अप्पा बळवंत चौकात कुठंही मिळेल. सरावासाठी संख्या मात्र विचार करून निवडा. मोबाइल नंबर, आधार क्रमांक किंवा बँकेचा खाते क्रमांक घेऊन तो कुठल्याशा संकेतस्थळावर टाकू नका. पिनकोड चांगला. तो सहा अंकी असतो, सगळ्यांना ठाऊक असतो, आणि हातानं फोडता येईल इतपतच मोठा असतो. भारतात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाले. पुण्याचे ४११ नं सुरू होतात आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालयाचे. आपण सदाशिव पेठेचा घेऊ: ४११०३०.

आधी संख्या नीट वाचा

एकं, दहं, शतं करत उजवीकडून मोजा आणि स्वल्पविराम द्या: ४,११,०३०. चार लाख अकरा हजार तीस. ही पायरी अनेक जण गाळतात आणि पुढे एखादं शून्य खातात.

मग ती कोणत्या दोन वर्गांच्या मधे बसते ते पाहा. ६४१ चा वर्ग ४,१०,८८१ आणि ६४२ चा वर्ग ४,१२,१६४. म्हणजे आपली संख्या पूर्ण वर्ग नाही, आणि तिचं वर्गमूळ ६४१ च्या किंचित पुढे आहे. हा ६४१ वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव वर्गमूळाच्या आत सापडलाच पाहिजे, कारण दोन्ही अवयव वर्गमूळापेक्षा मोठे असते तर त्यांचा गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. शोध कुठं थांबवायचा हे या एका वाक्यामुळे कळतं.

कसोट्या, आणि त्या का चालतात

२, ५ आणि १० च्या कसोट्या शेवटच्या अंकावरून कळतात. शेवटी शून्य आहे, तेव्हा तिन्हींनी भाग जातो. ४ साठी शेवटचे दोन अंक पाहायचे. ३० ला ४ नं भाग जात नाही, म्हणजे आपल्या संख्येत २ हा अवयव एकदाच आहे.

३ आणि ९ साठी अंकांची बेरीज: ४ + १ + १ + ० + ३ + ० = ९. म्हणजे ९ नं भाग जातो. शाळेत हे पाठ होतं, पण कारण क्वचितच सांगितलं जातं. १० ला ९ नं भागलं तर १ उरतो, १०० ला भागलं तरी १ उरतो, १००० लाही तेच. म्हणून ४ लाखांमधून शेवटी ४ च उरतात, ११ हजारांमधून १ आणि १, आणि एकूण बाकी अंकांच्या बेरजेएवढीच राहते.

७, ११ आणि १३ साठी वेगवेगळ्या कसोट्या पाठ करण्यापेक्षा तिन्हींचं काम एकदम करणारी कसोटी शिका. ७ × ११ × १३ = १००१. त्यामुळे १००० ला या तिघांपैकी कुणीही भागलं तर पूर्ण भाग जायला १ कमी पडतो. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा आणि आळीपाळीनं अधिक-उणे करा. आपल्या संख्येचे गट ४११ आणि ०३०, फरक ३८१. आता फक्त ३८१ तपासायचे. ७ नं भागून ३ उरतात, ११ नं ७ उरतात, १३ नं ४ उरतात. तिघंही बाद. एका वजाबाकीत तीन मूळसंख्या निकालात निघाल्या. मला स्वतःला विभाज्यतेच्या सगळ्या कसोट्यांमध्ये ही सर्वांत देखणी वाटते.

फोड

आता भागत सुटा. ४,११,०३० ला ९ नं भागलं की ४५,६७० येतात. अंक पाहा: चार, पाच, सहा, सात आणि शून्य. सदाशिव पेठेच्या पिनकोडमध्ये हे दडलेलं असेल असं वरून बघून वाटत नाही. १० नं आणखी भागा: ४५६७.

आता प्रश्न ४५६७ चा. ती मूळसंख्या आहे का? वर्गमूळ ६७ च्या थोडं पुढे आहे (६७ चा वर्ग ४४८९, ६८ चा ४६२४). म्हणजे ६७ पर्यंतच्या मूळसंख्या तपासल्या की झालं. कोपऱ्यातला ६४१ आता खोडा. संख्या लहान झाली की मर्यादाही लहान होते, आणि मेहनत वाचते ती याच ठिकाणी. २, ३, ५ जाणार नाहीत हे बघताच कळतं. गटांची कसोटी लावा: ५६७ − ४ = ५६३. ७ नं ३ उरतात, ११ नं २, १३ नं ४. पुढे एकेक करून भागा. १७ × २६८ = ४५५६, उरले ११. १९ × २४० = ४५६०, उरले ७. २३ नं १३ उरतात, २९ नं १४, ३१ नं १०. ३७ आणि ४१ या दोघांनी भागलं तरी १६ च उरतात, कारण ३७ × १२३ आणि ४१ × १११ हे दोन्ही गुणाकार ४५५१ आहेत. ४३ नं ९, ४७ नं ८, ५३ नं पुन्हा ९, ५९ नं २४, ६१ नं ५३ आणि ६७ नं ११.

एकानंही पूर्ण भाग गेला नाही. म्हणजे ४५६७ मूळसंख्या आहे, आणि फोड पूर्ण झाली:

४,११,०३० = २ × ३ × ३ × ५ × ४५६७

ही फोड एकमेव आहे. कुणीही, कुठल्याही क्रमानं भागलं तरी हेच अवयव मिळणार. मधल्या बाक्या वहीत लिहायचा कंटाळा करू नका. ‘भाग जात नाही’ एवढंच लिहिलं तर चूक झाल्यावर ती कुठं झाली ते सापडत नाही.

फोडीतून काय काय निघतं

एकूण विभाजक किती? विभाजक बनवताना २ घ्यायचा की नाही, हे दोन पर्याय. ३ अजिबात नाही, एकदा की दोनदा, हे तीन. ५ चे दोन, ४५६७ चे दोन. २ × ३ × २ × २ = २४ विभाजक. त्यांतले पहिले बारा म्हणजे ९० चे विभाजक (१, २, ३, ५, ६, ९, १०, १५, १८, ३०, ४५, ९०) आणि उरलेले बारा म्हणजे याच प्रत्येकाची ४५६७ पट. म्हणजे ९० नंतर पुढचा विभाजक थेट ४५६७. मधे एकही नाही.

विभाजकांची बेरीज: (१ + २) × (१ + ३ + ९) × (१ + ५) × (१ + ४५६७) = ३ × १३ × ६ × ४५६८ = १०,६८,९१२. यातून ती संख्या स्वतः वजा करा, ६,५७,८८२ उरतात. ही बेरीज ४,११,०३० पेक्षा मोठी आहे. ती नेमकी संख्येएवढी आली असती तर तिला परिपूर्ण संख्या म्हटलं असतं, ६ आणि २८ सारखी.

१ पासून ४,११,०३० पर्यंतच्या किती संख्यांचा आपल्या संख्येशी मसावि १ आहे? दर मूळ अवयवाच्या पटी वगळत जा: अर्धे गेले, उरलेल्यांतला तिसरा भाग गेला, मग पाचवा, मग ४५६७ वा. ४,११,०३० चे अर्धे, त्याचे दोन-तृतीयांश, त्याचे चार-पंचमांश केले की १,०९,६०८ होतात. यातला ४५६७ वा भाग म्हणजे २४. उरले १,०९,५८४. एवढ्या संख्या तिच्याशी सहमूळ आहेत.

हे सगळं करायला फोड हातात असताना दहा मिनिटं पुरतात. फोड नसेल तर चार लाख संख्या एकेक करून तपासाव्या लागतील.

वर्गांच्या बेरजेत मांडणं

या पायरीशी जरा रमा. कोणतीही संख्या दोन वर्गांची बेरीज आहे का, हे फोडीवरूनच कळतं. ४ नं भागल्यावर ३ उरतात अशा मूळसंख्या पाहायच्या. त्यांतली प्रत्येक जर फोडीत सम वेळा आली असेल तरच संख्या दोन वर्गांत मांडता येते. आपल्या फोडीत ३ दोनदा आहे, ते चालेल. पण ४५६७ ला ४ नं भागलं की ३ उरतात, आणि ती एकदाच आली आहे. तेव्हा ४,११,०३० ही दोन वर्गांची बेरीज असूच शकत नाही. कितीही शोधा, मिळणार नाही.

तीन वर्ग? सुरुवातीचा ६४१ पुन्हा घ्या. ४,११,०३० − ४,१०,८८१ = १४९, आणि १४९ म्हणजे १०० + ४९. म्हणजे ४,११,०३० = ६४१² + १०² + ७². चार वर्गांत तर प्रत्येक धन पूर्णांक मांडता येतोच. लग्रांज या गणितीनं ते १७७० मध्ये सिद्ध केलं.

अंकांचे गुणधर्म वेगळ्या वहीत

आतापर्यंतचे गुणधर्म संख्येचे होते. ती रोमन लिपीत लिहा नाहीतर दोरीला गाठी मारून मोजा, फोड तीच राहते. काही गुणधर्म मात्र आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून दिसतात. दोन्हींची सरमिसळ करू नका, पण दुसऱ्या प्रकाराला कमीही लेखू नका. त्यांवर आयुष्यभर प्रेमानं काम करणारा माणूस आपल्याच मातीतला होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. शिक्षण पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात. तिथं १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. पुढे १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळेत शिकवत होते.

अंकांच्या बेरजेनं संख्येला भाग गेला तर तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं. आपल्या पिनकोडच्या अंकांची बेरीज ९ आणि ९ नं भाग जातो, तेव्हा ४,११,०३० हर्षद आहे. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून, ती ११००१०००१०११००१०११० अशी लिहितात. त्यात १ किती वेळा आला ते मोजा: नऊ वेळा. म्हणजे द्विमान पद्धतीतही ती हर्षदच.

कापरेकरांचा ६१७४ सर्वांत प्रसिद्ध. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावून त्यातून चढत्या क्रमानं लावलेली संख्या वजा करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतात. आपल्या फोडीतला ४५६७ च घेऊ. ७६५४ − ४५६७ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. तीन वेळांतच पोचलो. मधे येणारं ०३७८ मधलं शून्य टाकू नका, नाहीतर गणित भरकटतं.

आता खरोखर मोठी: १२,३४,५६,७८९

पिनकोड जमला की नऊ अंकी संख्येकडे वळा. नव्या कॅल्क्युलेटरवर प्रत्येक मूल पहिल्यांदा दाबतं तीच घेऊ. बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद.

अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ नं भाग जातो. हे नऊ अंक कोणत्याही क्रमानं लावा, बेरीज ४५ च राहणार, तेव्हा त्यांतून कधीही मूळसंख्या बनणार नाही. हर्षद मात्र ती नाही, कारण शेवटी ९ असल्यानं ५ नं भाग जात नाही आणि म्हणून ४५ नंही जात नाही. गटांची कसोटी: ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. ७, ११, १३ नं अनुक्रमे १, ५, १ उरतात. ९ नं भागल्यावर उरतात १,३७,१७,४२१.

आता काय? याचं वर्गमूळ ३७०३ च्या पुढे आहे. एकेक मूळसंख्या घेऊन भागत बसलात तर पाचशेहून जास्त भागाकार करावे लागतील. इथं सतराव्या शतकातल्या पिएर द फर्मा या फ्रेंच गणितीची युक्ती वापरा. संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडता आली की फोड आपोआप होते, कारण अ² − ब² म्हणजे (अ + ब) × (अ − ब), हे आठवी-नववीत सगळ्यांनी केलेलं आहे. वर्गमूळाच्या लगेच वरच्या पूर्णांकापासून सुरू करायचं.

३७०४ चा वर्ग १,३७,१९,६१६. त्यातून आपली संख्या वजा केली की २१९५. ४६ चा वर्ग २११६ आणि ४७ चा २२०९, म्हणजे २१९५ पूर्ण वर्ग नाही. पुढे चला.

३७०५ चा वर्ग १,३७,२७,०२५. वजा केल्यावर ९६०४. आणि ९६०४ म्हणजे ९८ चा वर्ग!

झालं. ३७०५ + ९८ = ३८०३ आणि ३७०५ − ९८ = ३६०७. या दोन्ही मूळसंख्या आहेत. वर्गमूळ ६२ च्या आत आहे, ६१ पर्यंत भागून स्वतः खात्री करा.

१२,३४,५६,७८९ = ३ × ३ × ३६०७ × ३८०३

पाचशे भागाकारांचं काम दोन वर्गांत झालं, कारण दोन्ही अवयव एकमेकांच्या जवळ होते. ते लांब असते तर हीच युक्ती फार रेंगाळली असती. या फोडीवरून विभाजक ३ × २ × २ = १२, आणि स्वतःला वगळून त्यांची बेरीज ५,४९,६६,०२७, म्हणजे संख्येच्या निम्म्याहूनही कमी.

वर्गांकडेही पाहाच. ११,१११ चा वर्ग १२,३४,५४,३२१ आहे. १२१, १२३२१ अशा चढून उतरणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी डेमलो संख्या हे नाव दिलं होतं. आपल्या संख्येतून तो वर्ग वजा करा: २४६८ उरतात. आणि २४६८ म्हणजे १४४४ + १०२४. तेव्हा १२,३४,५६,७८९ = ११,१११² + ३८² + ३२². कॅल्क्युलेटरवर हे जुळताना पाहण्यात जो आनंद आहे तो वाचून मिळत नाही, करून पाहा.

उलटी संख्या ९८,७६,५४,३२१ ही हिच्या आठपटीत ९ मिळवून होते. म्हणून दोघींच्या मसाविनं ९ ला भाग गेला पाहिजे, आणि दोघींनाही ९ नं भाग जातो. मसावि ९, एका ओळीत.

याच्या पुढे यंत्र

बारा-पंधरा अंकांच्या पुढे हातानं करण्यात अर्थ नाही. एक धोका लक्षात ठेवा: एक्सेल फक्त पंधरा अंक अचूक ठेवतं. सोळा अंकी संख्या टाकलीत तर शेवटच्या अंकाच्या जागी शून्य येतं आणि तुमची फोड दुसऱ्याच संख्येची होते. पायथॉनमध्ये पूर्णांक कितीही मोठे चालतात, ते वापरा.

नुसतं ‘मूळसंख्या आहे का’ हे कळणं फोड करण्यापेक्षा खूप सोपं आहे. फर्माचाच नियम: ‘न’ ही संख्या मूळसंख्या असेल आणि विषम असेल, तर २ च्या (न − १) व्या घाताला ‘न’ नं भागून १ उरतो. १ उरला नाही तर ती नक्की संयुक्त, अवयव माहीत नसले तरी. उलट मात्र धरून चालू नका. ३४१ = ११ × ३१, तरीही २ च्या ३४० व्या घाताला ३४१ नं भागून १ च उरतो, कारण १०२४ = ३ × ३४१ + १. नेहमी अचूक आणि तरीही झटपट उत्तर देणारी रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेल्या आजवरच्या सर्वांत मोठ्या ज्ञात मूळसंख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत.

फोड मात्र अजूनही अवघडच आहे. दोन मोठ्या मूळसंख्यांचा गुणाकार असलेली २५० अंकी संख्या फोडायला २०२० साल उजाडलं. संदेश गुप्त ठेवण्याच्या आरएसए पद्धतीची सुरक्षितता याच अवघडपणावर उभी आहे. तिथं आज सर्रास ६१७ अंकी संख्या वापरतात. तिचे दोन अवयव फार जवळचे निवडले तर ३७०५ आणि ९८ ची युक्ती तिथंही चालते, म्हणून ते लांबचे निवडावे लागतात.

मुलाला यात खरोखर रस वाटू लागला तर पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी ते १९७६ मध्ये स्थापन केलं, आणि गणित ऑलिंपियाडची तयारी तिथं होते.

पुढचा सराव म्हणून ४११००४ घ्या, डेक्कन जिमखान्याचा. फर्ग्युसनच्या पत्त्यातही हाच आहे. शेवटच्या दोन अंकांवरून ४ नं भाग जातो. गटांचा फरक ४११ − ४ = ४०७, म्हणजे ११ × ३७, तेव्हा ११ नंही जातो. दोन्हींनी भागल्यावर ९३४१ उरतात. ८९ पर्यंतच्या मूळसंख्यांनी भागत जा, आणि प्रत्येक बाकी वहीत लिहा.